थिन पूलवर किती पट वाटप चालेल? ओव्हरकमिटचा हिशोब कसा करता?

मेघमल्हार

आमच्याकडे ओपनस्टॅकवर (क्लाउड उभारण्याची प्रणाली) खाजगी क्लाउड आहे. ब्लॉक स्टोरेज, म्हणजे मशिनींना जोडायच्या आभासी डिस्क (व्हॉल्यूम), त्यातल्या सिंडर या सेवेतून देतो. मागे काही नोडवर एलव्हीएमचे (लिनक्सचं डिस्कची जागा विभागणारं साधन) थिन पूल आहेत, आणि मोठ्या कामांसाठी वेगळा सेफ क्लस्टर (अनेक मशिनींवर पसरलेलं स्टोरेज). थिन पूलमध्ये व्हॉल्यूमला खरी जागा लिहिलं जाईल तशी मिळते, म्हणून असलेल्या जागेपेक्षा जास्त वाटता येते. हेच ओव्हरकमिट.

प्रश्न एलव्हीएमच्या एका पूलबद्दल आहे. खरी जागा ४० टीबी. त्यावर वाटलेल्या व्हॉल्यूमची बेरीज ११० टीबी. प्रत्यक्षात भरलेत २६ टीबी. म्हणजे वाटप पावणेतीन पट आणि पूल ६५ टक्के भरलेला. नवीन व्हॉल्यूमच्या मागण्या रोज येताहेत. वरून विचारणा झाली आहे की किती पटीपर्यंत जायचं ते एकदा ठरवून टाका. टीममध्ये कोणी २ म्हणतं, कोणी ५. सिंडरमध्ये 'मॅक्स ओव्हर सबस्क्रिप्शन रेशो', म्हणजे वाटपाची कमाल पट, मुळात २० दिलेला आहे, तो आम्ही अजून बदललेला नाही.

तुम्ही लोक हा आकडा कसा ठरवता? आणि कशाच्या आधारावर?

रात्रपाळी

पट हा आकडा महत्त्वाचा आहे, पण पहिला नाही. ११० टीबी हे तुम्ही दिलेलं वचन आहे. ते लोक कधी वसूल करणार, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. पावणेतीन पट वाटलेले दोन पूल घ्या. एकावर डेव्हलपरांच्या चाचणी मशिनी असतील तर तो दोन वर्षं तसाच पडून राहील. दुसऱ्यावर लॉग गोळा करणारी सर्व्हिस असेल तर महिन्यात काठोकाठ येईल.

मी आधी तीन गोष्टी विचारतो. किती भरलंय, रोज किती भरतंय, आणि नवी डिस्क प्रत्यक्ष पूलमध्ये यायला किती दिवस लागतात.

तुमचाच पूल घेऊ. ८० टक्के ही आपली सीमा धरली तर ३२ टीबीला थांबायचं. हातात उरले ६ टीबी. रोजची वाढ समजा २५० जीबी असेल तर साधारण २४ दिवस. खरेदीची मंजुरी, डिस्क येणं, बसवणं याला सहा आठवडे लागत असतील, तर ६५ टक्क्यांवर असतानाच तुम्हाला उशीर झालेला आहे. आणि वाढ रोज २० जीबी असेल तर तोच पूल, तोच रेशो, दहा महिने निवांत.

म्हणून अलार्म टक्क्यांवर लावू नका, दिवसांवर लावा. प्रोमिथियसमध्ये (देखरेखीचं साधन) प्रेडिक्ट लिनियर नावाचं फंक्शन याच कामाला आहे. गेल्या दोन आठवड्यांच्या चढावरून पुढे सहा आठवड्यांनी आकडा कुठे जातो ते बघायचं. टक्क्यांचा अलार्म ठेवा, पण दुसऱ्या फळीत.

गणिती

रात्रपाळींशी सहमत. सिंडरचं गणित मात्र नीट मांडून ठेवतो, कारण २० चा अर्थ बऱ्याच जणांना माहीत नसतो.

थिन व्हॉल्यूमसाठी शेड्युलरचा (व्हॉल्यूम कुठे ठेवायची ते ठरवणारा भाग) कपॅसिटी फिल्टर मोकळी जागा अशी काढतो: खरी एकूण जागा गुणिले रेशो, वजा आतापर्यंत वाटलेलं, वजा राखीव टक्के. राखीव टक्के म्हणजे 'रिझर्व्ह्ड पर्सेंटेज', ते मुळात शून्य असतं. तुम्ही १० ठेवलंत असं धरू. ४० गुणिले २० म्हणजे ८००. त्यातून ११० आणि ४ गेले. उरले ६८६ टीबी.

ज्या पूलमध्ये खरे १४ टीबी मोकळे आहेत, त्यात शेड्युलरला ६८६ टीबी दिसताहेत. रेशो ३ केलात तर तोच आकडा ६ टीबीवर येतो.

रेशोला 'ऑटो' असंही ठेवता येतं. मग सिंडर वाटलेलं भागिले वापरलेलं, अधिक एक, असा रेशो स्वतः काढतं. तुमच्या पूलला तो सव्वापाचच्या आसपास येईल. त्यात आजची सरासरी उद्याही टिकेल असं गृहीत धरलेलं असतं. नव्या पूलवर सगळ्या व्हॉल्यूम ताज्या आणि रिकाम्या असतात, तिथे हे गृहीतक सर्वात कच्चं. मी ऑटो वापरत नाही.

सर्वात महत्त्वाचं शेवटी. हा फिल्टर फक्त नवीन व्हॉल्यूम करताना किंवा वाढवताना आड येतो. आधी दिलेल्या व्हॉल्यूममध्ये कोणी लिहायला लागलं की ते लिखाण शेड्युलरला विचारत नाही. रेशो १ वर आणलात तरी आत असलेले ग्राहक उरलेलं ८४ टीबीचं वचन वसूल करू शकतात.

काठावरचा

रेशोला इतकं दुय्यम करू नका. वाढीचा वेग सरासरीवर काढता, आणि सरासरी तेव्हाच मोडते जेव्हा सगळे एकदम हलतात. सगळ्या मशिनींवर एकाच रात्री ओएसचं अपग्रेड, सगळ्या डेटाबेसचा बॅकअप त्याच व्हॉल्यूमवर आणि त्याच वेळेला, कोणीतरी सगळीकडे डीबग लॉगिंग चालू केलं. व्हॉल्यूम एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. एकाच इमेजमधून निघालेल्या, एकाच टीमने चालवलेल्या असतात. अशा वेळी रेशो हाच एक आकडा सांगतो की सर्वात वाईट दिवशी किती खोल पाण्यात असाल.

शिवाय एकटी मशीनही पुरते. कोणी डिस्कची वेग-चाचणी पूर्ण व्हॉल्यूमवर चालवली, किंवा डिस्क आधी शून्यांनी पुसून मग एन्क्रिप्ट केली, की ती व्हॉल्यूम एका दमात पूर्ण भरलेली झाली. सेकंदाला ५०० एमबीने लिहिलं तर १ टीबी साधारण ३५ मिनिटांत. तुमचे मोकळे १४ टीबी आठ तासांत संपले. रोज सकाळी एकदा चालणारा रिपोर्ट यात काहीच करू शकत नाही.

मी दोन नियम पाळतो. एक, पूलमधली मोकळी जागा नेहमी सर्वात मोठ्या दोन व्हॉल्यूमच्या न भरलेल्या भागापेक्षा जास्त हवी. ८ टीबीची व्हॉल्यूम कोणाला द्यायची असेल तर ती या पूलवर मावते का, हे रेशोवरून न बघता या नियमावरून बघायचं. दोन, प्रत्येक व्हॉल्यूमला क्यूओएसची (लिहिण्या-वाचण्याच्या वेगाची) मर्यादा. लोक ती शेजाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून लावतात, पण तिचा मोठा उपयोग हा की पूल भरण्याच्या कमाल वेगाला छत मिळतं. व्हॉल्यूमला सेकंदाला १०० एमबीची मर्यादा असेल तर १ टीबी भरायला जवळपास तीन तास लागतात. तेवढ्यात माणूस जागा होऊ शकतो.

मेघमल्हार

खूप उपयोगी. सर्वात मोठ्या दोन व्हॉल्यूमचा नियम आजच तपासतो.

एक गोष्ट मात्र मला छळते आहे. गेल्या आठवड्यात एका ग्राहकाने जवळपास ३ टीबीच्या जुन्या फाइल काढल्या. आत डीएफमध्ये (मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) जागा मोकळी दिसते. पूलचा 'डेटा टक्के' कॉलम मात्र जागचा हलला नाही. एफएसट्रिम (रिकामी झालेली जागा खाली कळवणारी आज्ञा) चालवायला सांगितलं, त्यांच्याकडे 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' आलं. कुठे बघू?

ब्लॉकवाली

वापर वाढतो तो आपोआप, कमी होतो तो फक्त कोणीतरी सांगितल्यावर. फाइल काढली म्हणजे फाइलसिस्टमने आपल्या नकाशात खूण पुसली. खालच्या पूलला त्यातलं काही कळत नाही. कळवण्यासाठी डिस्कार्ड, म्हणजे 'ही जागा आता नको' असा निरोप, खाली जावं लागतं, आणि ते जाताना वाटेत जितके थर आहेत त्या प्रत्येकाने ते पुढे द्यावं लागतं. एकाने अडवलं की संपलं.

पहिल्यांदा ग्राहकाच्या मशीनमध्ये एलएसबीएलके या डिस्कची यादी देणाऱ्या आज्ञेला मोठा डी पर्याय देऊन बघा. डिस्क-ग्रॅन आणि डिस्क-मॅक्स असे कॉलम येतात. दोन्ही शून्य असतील तर त्या थराच्या पलीकडे डिस्कार्ड जात नाही. सर्वात खालच्या डिस्कपासून वर बघत या. ज्या ओळीवर आकडा शून्य होतो तिथेच अडलंय.

तुमच्या रचनेत अडण्याच्या नेहमीच्या जागा सांगते.

ग्राहकाने आत लक्स एन्क्रिप्शन (लिनक्सचं डिस्क-एन्क्रिप्शन) केलं असेल तर ते चालवणारं डीएम-क्रिप्ट डिस्कार्ड मुळात बंद ठेवतं. ते मुद्दाम चालू करावं लागतं.

मशीनला डिस्क व्हर्टआयओ-ब्लॉक या आभासी जोडणीवर जोडली असेल तर डिस्कार्डसाठी आभासी मशीन चालवणारं क्यूईएमयू ४.० आणि आतलं लिनक्स कर्नल ५.० किंवा पुढचं लागतं. दोन्ही २०१९ मधले. जुन्या इमेज असतील तर व्हर्टआयओ-स्कझी वापरा, तिथे हे आधीपासून आहे. इमेजच्या गुणधर्मांत डिस्क बस आणि स्कझी मॉडेल दोन्ही लिहावे लागतात.

सिंडरच्या बॅकएंडमध्ये 'रिपोर्ट डिस्कार्ड सपोर्टेड' हा पर्याय खरा करावा लागतो. तो मुळात खोटा असतो. तो खरा असला तरच नोव्हा (ओपनस्टॅकचा मशिनी चालवणारा भाग) ती डिस्क जोडताना डिस्कार्ड अनमॅप लावतं. आधीच जोडलेल्या व्हॉल्यूमला हे आपोआप लागू होत नाही, काढून परत जोडावी लागते.

मधे आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क जोडण्याची पद्धत) असेल आणि टार्गेट, म्हणजे डिस्क देणारी बाजू, लिनक्सचं एलआयओ असेल, तर 'एम्युलेट टीपीयू' हा गुणधर्म मुळात शून्य असतो. तो १ केल्याशिवाय समोरच्या बाजूला हा लून (दिलेली डिस्क) थिन आहे आणि अनमॅप (आयस्कझीतलं डिस्कार्ड) घेतो हे दिसतच नाही.

आणि हे सगळं जुळल्यावरही पूलमध्ये एक अट राहते. थिन पूल जागा चंकच्या (ठराविक आकाराच्या तुकड्याच्या) मापाने देतो आणि परतही चंकच्या मापानेच घेतो. चंक १ एमबीचा असेल आणि त्यातल्या एका कोपऱ्यात अजून ४ केबी जिवंत असतील, तर तो चंक सुटत नाही. बारीकबारीक फाइल विखरून काढल्या तर ट्रिम यशस्वी होतो आणि पूल मात्र थोडाच हलतो. चंकचं माप पूल करतानाच ठरतं, नंतर बदलता येत नाही.

तपासायची रीत अशी. छोट्या व्हॉल्यूमवर यादृच्छिक मजकुराची १० जीबीची फाइल करा. शून्यांची नको, वाटेत कोणी शून्यं ओळखून गाळत असेल तर फसाल. सिंक करा. होस्टवर एलव्हीएसमध्ये (एलव्हीएमच्या व्हॉल्यूमची यादी दाखवणारी आज्ञा) त्या व्हॉल्यूमचा डेटा टक्के लिहून घ्या. फाइल काढा, एफएसट्रिम चालवा, पुन्हा एलव्हीएस बघा. टक्का उतरला तरच मार्ग मोकळा आहे. एफएसट्रिमने छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो आपण किती पाठवलं ते सांगतो, खाली किती सुटलं ते नाही. एक्सट४ फाइलसिस्टमवर लगेच दुसऱ्यांदा चालवलंत तर शून्यही छापेल, कारण कोणते गट ट्रिम झालेत हे ते माउंट असेपर्यंत लक्षात ठेवतं.

ही चाचणी मी प्रत्येक नवीन इमेजसाठी आणि प्रत्येक नवीन बॅकएंडसाठी करते. परतीचा मार्ग बंद असलेला थिन पूल फक्त एकाच दिशेने जातो, त्यामुळे त्याला रेशोचा हिशोबच लावता येत नाही. उशिरा का होईना तो सगळं वचन वसूल करणार.

पाणथळ

+१. ब्लॉकवालींनी लिहिलेलं छापून लावण्यासारखं आहे.

एक पुरवणी. बहुतेक वितरणांत एफएसट्रिमचा टायमर 'वीकली' असतो, आणि सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सेवा चालवणारा भाग) लेखी त्याचा अर्थ सोमवार मध्यरात्री १२. सगळ्या मशिनींनी एकाच ठोक्याला ट्रिम सुरू केलं की पूलच्या मेटाडेटावर (कोणता चंक कोणाचा याच्या नोंदींवर) एकदम भार येतो. टायमरमध्ये यादृच्छिक उशीर मोठा ठेवा, किंवा ग्राहकांच्या गटांना वेगवेगळे वार द्या. माउंट करतानाच डिस्कार्ड पर्याय लावायचा मार्गही आहे, पण भरपूर फाइल काढणाऱ्या मशीनवर मला आठवड्याचं ट्रिमच बरं वाटतं.

रात्रपाळी

स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) राहिले. मला वाटतं तुमचे ३ टीबी डिस्कार्ड चालू झाल्यावरही परत येणार नाहीत, त्या व्हॉल्यूमचे जुने स्नॅपशॉट असतील तर. डिस्कार्डमुळे व्हॉल्यूमचा त्या चंकवरचा हक्क सुटतो, पण स्नॅपशॉट तोच चंक धरून बसलेला असतो. शेवटचा धरणारा जाईपर्यंत जागा पूलला मिळत नाही.

याची दुसरी बाजू जास्त घातक आहे. डेटाबेसवाले सांगतात, आम्ही फाइल आधीच पूर्ण आकाराच्या लिहून ठेवल्यात, आता आम्हाला नवी जागा लागणारच नाही. स्नॅपशॉट नसेल तोवर ते बरोबर आहे. स्नॅपशॉट घेतल्याक्षणी सगळे चंक सामायिक होतात आणि त्यानंतर जुन्याच जागी केलेलं प्रत्येक पहिलं लिखाण नवा चंक मागतं. पूर्ण भरलेली २ टीबीची व्हॉल्यूम, एक स्नॅपशॉट, आणि डेटाबेसने हळूहळू सगळी पानं फिरवली, की २ टीबी आणखी गेले. आतून बघणाऱ्याला काहीच वाढलेलं दिसत नाही.

कोणता स्नॅपशॉट खरंच किती जागा अडवून आहे हे एलव्हीएसवरून कळत नाही, कारण तिथे सामायिक चंक दोघांच्याही नावावर मोजले जातात. थिन-एलएस नावाचं साधन 'एक्सक्लुझिव्ह' म्हणजे फक्त त्याच्याच मालकीचे किती, ते वेगळं दाखवतं. चालू पूलवर ते वापरायला आधी डीएमसेटअप या आज्ञेने मेटाडेटाचा स्नॅपशॉट राखून घ्यावा लागतो आणि काम झाल्यावर सोडावा लागतो. थोडं खटपटीचं आहे, पण आमच्याकडे विसरलेले बॅकअप स्नॅपशॉट यातूनच सापडतात.

पहिली_पायरी

मी या क्षेत्रात नवीन आहे, प्रश्न अगदी मूलभूत वाटला तर सांभाळून घ्या. पूल खरोखरच १०० टक्के भरला तर नेमकं काय होतं? आत तर डीएफमध्ये जागा दिसत असते ना?

ब्लॉकवाली

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि उत्तर माहीत नसताना पूल चालवणं धोक्याचं.

एलव्हीएम थिनमध्ये डेटाची जागा संपली की नवीन चंक मागणारी लिखाणं मुळात ६० सेकंद रांगेत थांबतात. तेवढ्यात जागा वाढवली तर ती पुढे जातात. नाही वाढवली तर त्यांना चूक परत मिळते. 'एरर व्हेन फुल' पर्याय चालू केला असेल तर न थांबता लगेच चूक. आधीच मिळालेल्या चंकवरचं लिखाण आणि सगळी वाचनं चालू राहतात, त्यामुळे मशीन अर्धवट जिवंत दिसते. हेच सर्वात गोंधळात टाकतं.

ग्राहकाच्या डीएफमध्ये ४० टक्के मोकळे दिसत असतात, आणि कर्नलच्या लॉगमध्ये लिहिता येत नसल्याच्या ओळी. एक्सट४चं जर्नल मोडलं तर फाइलसिस्टम फक्त-वाचन होते. एक्सएफएस मेटाडेटा लिहिण्याचा प्रयत्न मुळात करतच राहतं, त्यामुळे सगळं अडकून पडल्यासारखं वाटतं. त्यासाठी सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंगची जागा) एनोस्पेस, म्हणजे 'जागा नाही' ही चूक आल्यावर किती प्रयत्न करायचे ते ठरवता येतं.

एक दिलासा आहे. होस्टवर डिस्क थेट क्यूईएमयूला दिली असेल आणि चूक 'जागा नाही' अशी आली, तर क्यूईएमयूचं मूळ वागणं मशीन थांबवून ठेवण्याचं आहे, आत चूक देण्याचं नाही. जागा वाढवून व्हर्श या आज्ञेने रिझ्यूम केलं की आतल्या ओएसला काही कळतही नाही. म्हणून थांबलेली मशीन घाईघाईने रीबूट करू नका. आधी पूल वाढवा.

मेटाडेटा भरला तर मात्र प्रकरण वेगळं. पूल फक्त-वाचन होतो, तपासणीची खूण लागते, आणि मग बंद करून थिन-चेक, गरज पडल्यास एलव्हीकन्व्हर्ट रिपेअर. यात शेवटची काही लिखाणं गमावण्याची शक्यता खरी असते. डेटा टक्क्यांवर सगळ्यांचं लक्ष असतं, शेजारच्या मेटा टक्के कॉलमवर फारच थोड्यांचं.

गणिती

मेटाडेटावरून मेघमल्हार यांच्या पूलचं गणित केलं. ढोबळ सूत्र असं की दर चंकमागे ४८ बाइट. ४० टीबीला ६४ केबीचा चंक धरला तर ६७ कोटींच्या वर चंक होतात आणि मेटाडेटा ३० जीबी. एलव्हीएम थिनची मेटाडेटाची कमाल मर्यादा १६ जीबीच्या किंचित खाली आहे. म्हणजे ६४ केबीने हा पूल पूर्ण वापरताच येणार नाही. १२८ केबीला १५ जीबी, अगदी काठावर, आणि स्नॅपशॉट असले की त्याहून जास्त. २५६ केबीला साडेसात जीबी, तिथे श्वास घेता येतो.

लहान चंक परतीला बरा, मोठा चंक मेटाडेटाला बरा. इतक्या मोठ्या पूलसाठी मी २५६ किंवा ५१२ घेईन. किंवा सरळ दोन पूल करेन. दोन पूल केले तर एकाचा अपघात दुसऱ्याला शिवत नाही, हा फायदा वेगळाच.

काठावरचा

पूल आपोआप वाढवण्याची सोयही सांगा. एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये 'थिन पूल ऑटोएक्स्टेंड थ्रेशोल्ड' मुळात १०० असतो. १०० म्हणजे बंद. ७० केला आणि 'पर्सेंट' २० ठेवलं, तर ७० टक्के ओलांडल्यावर डीएमइव्हेंटडी ही सेवा पूल त्याच्या आकाराच्या २० टक्क्यांनी वाढवते. पण व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (पूल ज्यातून कापला त्या डिस्कच्या गटात) मोकळी जागा असेल तरच! पुष्कळ ठिकाणी पूल करताना १०० टक्के फ्री देऊन टाकलेलं असतं, मग ऑटोएक्स्टेंडची ओळ कॉन्फिगमध्ये फक्त शोभेला उरते.

मी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये ५ ते १० टक्के मागे ठेवतो आणि त्याला हात लावायचा अधिकार फक्त ऑनकॉल माणसाला.

तीन_प्रती

सेफचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. आरबीडी इमेज (सेफमधल्या व्हॉल्यूम) मुळातच थिन असतात, वेगळं काही मागावं लागत नाही. त्यामुळे सेफवाल्यांना आपण ओव्हरकमिट करतोय याची जाणीवच नसते.

तिथे तीन सीमा आहेत. निअरफुल ०.८५, बॅकफिलफुल ०.९०, फुल ०.९५. आणि या सीमा क्लस्टरच्या सरासरीला नाहीत, प्रत्येक ओएसडीला (सेफमधल्या एकेका डिस्कला) आहेत. एक ओएसडी ९५ ला पोचला की त्यावर ज्यांचा डेटा आहे त्या पूलांची लिखाणं थांबतात, बाकीचे ७० टक्क्यांवर असले तरी. सेफ डीएफमधला मॅक्स अव्हेल (अजून किती लिहिता येईल) हा आकडा म्हणूनच सर्वात भरलेल्या ओएसडीकडे बघून काढतात. बॅलन्सर (डेटा सगळ्या डिस्कवर समान पसरवणारा भाग) चालू ठेवा, तो आकडा लगेच सुधारतो.

दुसरं म्हणजे डागडुजीची जागा. पाच होस्ट, तीन प्रती, एक होस्ट कायमचा गेला, तर त्याचा डेटा उरलेल्या चारांवर पसरतो. त्यानंतरही ८५ च्या आत राहायचं असेल तर आधी ६८ टक्क्यांवरच थांबायला हवं. ०.८५ गुणिले ०.८. ओव्हरकमिटचा सगळा हिशोब या ६८ ला एकूण मानून करा, १०० ला मानून नको.

आणि फुल झाल्यावर आपण इमेज काढून जागा करू म्हटलं तर काढणं हेही लिखाणच असतं, तेही अडू शकतं. सेट-फुल-रेशोने सीमा तात्पुरती किंचित वर नेऊन, काढून, परत खाली आणायची. ही आज्ञा रनबुकमध्ये (अडचणीच्या वेळी काय करायचं त्याची वही) आधीच लिहून ठेवा. इमेज खरी किती भरली ते आरबीडी डीयू सांगतं, फास्ट-डिफ चालू असेल तर पटकन. आत नुसत्या शून्यांनी भरलेल्या इमेजसाठी आरबीडी स्पार्सिफाय आहे.

मेघमल्हार

अपडेट. ब्लॉकवालींची चाचणी केली. दोन ठिकाणी अडत होतं. बॅकएंडमध्ये रिपोर्ट डिस्कार्ड बंद होतं, आणि त्या ग्राहकाच्या मशीनमध्ये लक्स आहे, तिथेही बंद. पहिलं केलं. दुसऱ्याबद्दल ग्राहक विचारतोय, डिस्कार्ड चालू केल्याने एन्क्रिप्शन कमकुवत होतं का?

मेटा टक्के बघितला, ७१. चंक १२८ केबी. गणिती, तुमचा आकडा अचूक बसला.

ब्लॉकवाली

मजकूर उघड होत नाही. कोणते ब्लॉक रिकामे आणि कोणते भरलेले हे खालच्या थराला कळतं. त्यावरून किती डेटा आहे, कुठली फाइलसिस्टम आहे याचा अंदाज बांधता येतो. बहुतेकांना ते चालतं, काहींना नियमांमुळे चालत नाही. ज्यांना चालत नाही त्यांच्या व्हॉल्यूम थिन म्हणून मोजूच नका. सिंडरमध्ये व्हॉल्यूम टाइपच्या एक्स्ट्रा स्पेकमध्ये 'प्रोव्हिजनिंग टाइप' थिक लिहिता येतो आणि फिल्टर त्याप्रमाणे खरी मोकळी जागा बघतो. त्या व्हॉल्यूम वेगळ्या बॅकएंडवर ठेवा.

मेटा ७१ हे मला डेटा ६५ पेक्षा जास्त काळजीचं वाटतं. वाढवायला वाव थोडाच आहे.

दोन_ढग

आम्ही सार्वजनिक क्लाउडवर आहोत, तिथे पूल दिसतच नाही. मग हे आम्हाला लागू आहे का?

काठावरचा

उलट्या बाजूने लागू आहे. ईबीएससारख्या (ॲमेझॉनच्या क्लाउडमधली डिस्क) ठिकाणी बिल मागितलेल्या आकाराचं येतं, भरलेल्याचं नाही. मागे पूल कसा सांभाळायचा ते पुरवठादार बघतो, रिकाम्या जागेचे पैसे तुम्ही भरता. व्हॉल्यूम चालू असताना वाढवता येते, लहान करता येत नाही. म्हणून लहान सुरू करा आणि वाढवत जा. कुबरनेटीजमध्ये (कंटेनर चालवणारी प्रणाली) स्टोरेज क्लासला 'अलाउ व्हॉल्यूम एक्स्पान्शन' द्या, ते १.२४ पासून स्थिर आहे. पीव्हीसी (तिथली डिस्कची मागणी) लहान करणं तिथेही नाही.

काही जण मोठी ईबीएस घेऊन तिच्यावर स्वतःचा एलव्हीएम थिन पूल करतात. त्यात ओव्हरकमिटचा सगळा धोका तुमच्याकडे येतो, आणि ट्रिम केल्याने बिल एक पैशाने कमी होत नाही. स्नॅपशॉटसाठी हवं असेल तर ठीक, जागा वाचवण्यासाठी करू नका.

रात्रपाळी

बिलावरून एक मुद्दा. खाजगी क्लाउडमध्ये आतल्या टीमना कशाचा हिशोब लावता, यावर ओव्हरकमिट किती वाढेल ते ठरतं. फक्त भरलेल्या जागेचा लावलात तर प्रत्येक जण २ टीबी मागतो, कारण मागायला काही पडत नाही. मागितलेल्या जागेचा लावलात तर लोक बेताने मागतात आणि रेशो आपोआप खाली राहतो. माझं मत ठामपणे दुसऱ्या बाजूचं आहे. त्याचबरोबर प्रोजेक्टांच्या कोट्यांची बेरीजही बघा. कोटा म्हणजे अजून न वाटलेलं वचन. तुमच्या कोट्यांची बेरीज ११० पेक्षा बरीच मोठी निघेल.

मेघमल्हार

निघाली. ३०० च्या वर.

आतापर्यंत ठरलेलं लिहितो. रेशो ३, राखीव १०. बदल नव्या व्हॉल्यूमसाठी लगेच. सहा आठवड्यांच्या अंदाजावर पहिला अलार्म, डेटा ८० आणि मेटा ८० वर दुसरा, तपासणी दर मिनिटाला. सगळ्या व्हॉल्यूम टाइपना क्यूओएस. ३० दिवसांपेक्षा जुन्या स्नॅपशॉटची यादी दर आठवड्याला मालकांकडे. आणि २५६ केबी चंकचा नवीन पूल उभा करून मोठ्या व्हॉल्यूम तिकडे हलवायच्या.

हलवण्याबद्दल शेवटचं विचारतो. सिंडर मायग्रेट करताना काही सांभाळायचं का?

ब्लॉकवाली

तीन गोष्टी. स्नॅपशॉट असलेली व्हॉल्यूम सिंडर दुसऱ्या होस्टवर हलवू देत नाही, आधी त्यांचा निकाल लावा. हलवण्याआधी आत ट्रिम करून घ्या. आणि मशीनला जोडलेली व्हॉल्यूम हलवलीत तर कॉपी होताना रिकामा भागही शून्यं म्हणून लिहिला जाऊ शकतो, म्हणजे १ टीबीत २०० जीबी भरलेली व्हॉल्यूम नव्या पूलवर पूर्ण १ टीबी होऊन उतरते. एक लहान व्हॉल्यूम आधी हलवा, नव्या पूलवर एलव्हीएसमध्ये तिचा डेटा टक्के बघा. फुगलेली दिसली तर आत पुन्हा एफएसट्रिम चालवा आणि टक्का उतरेपर्यंत पुढची हलवू नका. नवीन पूलच्या बॅकएंडमध्ये रिपोर्ट डिस्कार्ड सपोर्टेड पहिल्या दिवसापासून खरं असू दे.

मेघमल्हार

बॅकएंडची ओळ टाकली. उद्या ५० जीबीच्या एका व्हॉल्यूमने सुरुवात करतो, आकडे इथेच टाकेन.